गुल्हान्यांची दुसरी वंदना

आमच्या कळंबात वंदना नावाच्या बायांना तोटा नाही. एक वंदना नगरसेविका होऊन गेली. मीटिंगला तिचा नवरा बसायचा आणि ती घरी पापड लाटायची. एक वंदना ब्यूटी पार्लर चालवते. तिच्याकडून तयार होऊन आलेली नवरी आणि नवरीची आई यांतली कोणती कोण हे नवरदेवालाही चटकन कळत नाही. तिसरी भजनी मंडळात पेटी वाजवते. चौथी एका बँकेतल्या शिपायाचा हात धरून पळून गेली आणि दिवाळीच्या आत आपल्या पायांनी परत आली. खरं तर सगळ्यांत नाव तिचं व्हायला हवं होतं. पण गावात नुसतं ‘वंदना’ म्हटलं की लोकांना आठवते ती मनोहर गुल्हानेची बायको. मनोहरला या नावाच्या बायका दोन. एक मेली, एक उरली. गाव ओळखतं ते मेलेलीला. मी लिहितो आहे ते उरलेलीबद्दल.

मी एस.टी.त कंडक्टर होतो, आता घरी बसलो आहे. आमचं घर गुल्हान्यांच्या भांड्यांच्या दुकानासमोर. दुकान खाली, बिऱ्हाड वर. जन्मभर, घरी असलो की, कानांवर एकच आवाज पडला, तो भांड्यांवर नाव टाकायच्या मशीनचा. दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा. लग्न असो, वास्तू असो, मौंजीचा आहेर असो, आमच्याकडे भांडं दिलं आणि त्यावर नाव टाकलं नाही तर ते दिलं असं कोणी धरत नाही. मनोहर मान खाली घालून ठिपक्याठिपक्यांनी नावं टाकायचा. गरीब माणूस होता. गरीब म्हणजे आईपुढे. गिऱ्हाइकापुढे तो लबाडच होता.

पहिली वंदना तापाने गेली तेव्हा तिचा मुलगा बंटी अजून कडेवरच होता. वर्ष व्हायच्या आत मनोहरच्या आईने झरी जामणीकडच्या एका खेड्यातली मुलगी शोधून काढली. बाप नव्हता, आई आणि भाऊ. हुंड्याची अट नव्हती, कारण माल एकदा वापरलेला होता. मी नवरदेवाबद्दल बोलतो आहे. मुलीचं नाव द्वारका. आमच्याकडे जुन्या बायांत हे नाव चालतं, काशी, मथुरा, द्वारका. ती काही जुनी नव्हती, पण आजीचं नाव तिच्यावर आलं होतं.

लग्नाच्या संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला माझी बायको त्यांच्या घरात होती, तिने डोळ्यांनी पाहिलं. ताटात तांदूळ पसरले, मनोहरच्या हातात अंगठी दिली, आणि नवरीचं सासरचं नाव कोणतं ठेवायचं यावर बायांची चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं मनीषा, कोणी म्हणालं माधुरी. मनोहरची आई म्हणाली, “कायले? घरातल्या साऱ्या भांड्यांवर वंदनाचं नाव हाय. गंज, गुंड, कोपर, डब्बे. आता का सारे मोडीत देता? वंदनाच ठेवा.”

बायांतली एक हसली. मनोहरने आईकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि तांदळात ‘वंदना’ लिहून टाकलं. त्याच्या हाताला त्या नावाची सवय होतीच. ज्याचं अख्खं दुकान भांड्यांनी भरलेलं, त्याच्या घरी बायकोच्या नावाची एक नवी वाटी येऊ शकली नाही, याचं त्या घरात कोणाला काही वाटलं नाही. नवरीची आई कोपऱ्यात बसली होती. तिने व्याहिणीला हात जोडले आणि म्हणाली, “चांगलं नाव हाय.”

मला तेव्हाही संताप आला होता आणि आता लिहितानाही येतो. पण गावाला ते व्यवहाराचं वाटलं. कित्येकांनी मनोहरच्या आईच्या काटकसरीचं कौतुक केलं.

ही दुसरी वंदना दिसायला काटकुळी, उंच, आणि बोलायला तिखट. म्हणजे आल्याआल्या तिखट नव्हती. घराने जसजशी फोडणी दिली तसतशी होत गेली. आमच्या अंगणातून त्यांची मोरी दिसते. ती भांडी घासायला बसली की नाव असलेल्या जागी जास्त घासायची. राख घेऊन, दात-ओठ खाऊन, त्या तीन अक्षरांवर अंगठा दाबून घासायची. स्टीलवरचं नाव घासून जात नाही. उलट ठिपक्यांतला मळ निघून ते जास्तच चमकायला लागतं. सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला भांडी दाखवायची आणि सांगायची, “पाहा, पह्यलीच्या हातचे भांडे अजून कसे लखलखतात.”

पहिली वंदना मेल्यावर फार सुधारली. जिवंत असताना तिच्या भाजीत मीठ जास्त असायचं, हे मी दोनदा त्यांच्याकडे जेवल्यामुळे सांगू शकतो. मेल्यावर तिच्या हातची पुरणपोळी जिल्ह्यात एक नंबर झाली. जिवंतपणी ती सासूशी भांडून माहेरी जाऊन बसायची. मेल्यावर तिच्या तोंडून कधी वर शब्द आला नाही. ही बिचारी जिवंत होती, त्यामुळे हिला तशी सुधारायची सोय नव्हती.

पितृपक्षातली अविधवा नवमी म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची तिथी. त्या दिवशी तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालून ओटी भरतात. गुल्हान्यांकडे दरवर्षी माझी बायको जायची. एका वर्षी ती तापाने फणफणली होती आणि मी निरोप द्यायला गेलो. स्वयंपाक तयार होता, ही पहाटेपासून चुलीपाशी होती. आता आयत्या वेळी दुसरी सवाष्ण कुठून आणायची? सासूने क्षणभर विचार केला आणि सुनेला म्हणाली, “तूच बस पाटावर. नाव थेच, घर थेच, नवरा बी थोच.”

मी दारातच उभा राहिलो. ही हात धुऊन आली आणि पाटावर बसली. सासूने तिला कुंकू लावलं, पायावर पाणी घातलं, पान वाढलं, आणि हात जोडून म्हणाली, “वंदना, पोटभर जेव माय.” ज्या सुनेला एवढ्या वर्षांत जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं, तिच्यापुढे म्हातारी डोळे पुसत उभी होती.

ही शांतपणे जेवली. मग म्हणाली, “वंदनेले अजून दोन वडे पाह्यजे.” वाढले. “कढी.” वाढली. “खीर आटली हाय, पण वाढा.” सासूला नाही म्हणता येईना, तिथी होती, वर गेलेलीचा आत्मा अडला तर काय घ्या. मग हिने मान वर केली आणि सासूच्या डोळ्यांत पाहून सांगितलं, “आत्याबाई, ते जे पोट्टी तुम्ही माह्या जागी आनली नं, ते सकाळपासून उपाशी स्वयंपाक करून राह्यली. तिले बी वाढत जा कधी.”

मला वाटलं आता म्हातारी ताट फेकते. तिने काही फेकलं नाही. हिची ओटी भरली, विडा दिला, नमस्कार केला, आणि पत्रावळ उचलल्यावर म्हणाली, “झालं वंदनाचं. आता तू ऊठ अन् भांडे घास.”

ही उठली आणि भांडी घासायला बसली. ओटीतला खण संध्याकाळी सासूने परत घेतला, पुढच्या वर्षीच्या सवाष्णीला कामी येईल म्हणून.

एकदा मी कुकरची रिंग घ्यायला दुकानात गेलो होतो. ही वरून खाली आली, फडताळातून एक साधा तांब्या काढला आणि मनोहरपुढे ठेवला. “याच्यावर द्वारका टाका,” म्हणाली. मनोहरने माझ्याकडे पाहिलं, मी रिंगकडे पाहिलं.

“काहून?” मनोहर म्हणाला.

“माहं नाव हाय म्हून.”

“लोक पाहतीन नं. इचारतीन, तुह्या घरात हे द्वारका कोन? मी काय सांगू?”

नवऱ्याला तिच्या नावाची भीती वाटत होती ती अशी. घरात कुठली परकी बाई शिरली असं लोक म्हणतील म्हणून. मनोहरने तांब्या फडक्याने पुसून परत फडताळात ठेवला. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी मुंजीच्या आहेराला तो विकला गेला.

पुढे मनोहरच्या डोळ्यांना मोतीबिंदू आला आणि मशीन हिच्या हातात आलं. हात चांगला होता तिचा, मनोहरपेक्षा अक्षर वळणदार. माझ्या बायकोने तिला एकदा विचारलं, “आता मशीन तुह्याच हातात हाय, मंग टाकून घे नं एखाद्या वाटीवर तुहं नाव. कोन पाह्यते?”

“मीच टाकलं त त्याले काय अर्थ हाय, वैनी,” ती म्हणाली. “भांड्यावर नाव असून काय होते? कोनं तरी हाक मारली पाह्यजे. मले आता फक्त माह्या मायच्या तोंडून ऐकायचं हाय. एकडाव. बाकी कोनाले माहीत बी नाही.”

मग आईकडे का जात नव्हती? कारण माहेर तुटलं होतं. पहिल्या दिवाळीला जाऊन आली, त्यानंतर भाऊ एकदा तिला न्यायला आला. शेतातून थेट निघालेला, पायांना चिखल. मनोहरच्या आईने त्याला दुकानाच्या पायरीवर बसवून चहा दिला आणि तो गेल्यावर पायरी धुऊन काढली. पण तो अजून गावातून गेला नव्हता, समोर आमच्याकडे पाणी प्यायला आला होता. त्याने धुतलेली पायरी पाहिली. परत कधी आला नाही, आणि बहिणीला बोलावणंही पाठवलं नाही. आईला फोनवर ऐकू यायचं नाही. सासूला तेच हवं होतं.

मशीनवर बसल्यापासून हिची जीभ मात्र सुटली. लग्नाचे आहेर घ्यायला लोक यायचे, सोबत कधी नवरी मुलगी असायची. ही मान खाली घालून ठिपके मारता मारता त्या मुलीला म्हणायची, “सासरचं नाव टाकू का माहेरचं? सासरचंच टाकतो बाई. आपन नाही राह्यलो तरी दुसरीच्या कामी पडते.” एक मुलगी दुकानातच रडायला लागली. तिचा बाप भांडायला उभा राहिला. ही म्हणाली, “खोटं काय बोलली मी? घरी जाऊन तुमच्या बायकोले इचारा.” त्यानंतर लोक नवरीला सोबत आणेनासे झाले. मनोहर तिच्यावर चिडायचा. ती मशीनचा आवाज वाढवायची.

तिचं बोलणं मला आवडायचं आणि तिच्या तावडीत सापडायची भीतीही वाटायची. ती काही बिचारी, गरीब गाय वगैरे नव्हती. कामवालीला छळायची. बंटीला लहानपणी मारायची आणि मग रात्रभर त्याच्या उशाशी बसायची. त्याला गोवर झाला तेव्हा हिने अंथरुणाला पाठ लावली नाही. तो तिला आईच म्हणायचा. मोठा झाल्यावरही घरात आईच म्हणायचा, पण घराबाहेर त्याची आई वेगळी होती.

बंटीला राजकारणाची खाज सुटली. फ्लेक्सवर ‘बंटीभाऊ’ झाला. आणि पुढाऱ्याला गेलेली आई असली की बरं असतं. मेलेल्या आईच्या नावाने मतं मागता येतात, जिवंत आईला फार तर कार्यकर्त्यांसाठी डाळभात लावायला सांगता येतं. बस स्टँडजवळ ‘स्व. सौ. वंदनाताई मनोहर गुल्हाने यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ’ पाणपोई लागली. चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याच नावाचा सिमेंटचा बाक आला. चतुर्थीला देवळातून परतताना ही त्या बाकावर टेकायची, बरोबर नावाला पाठ लावून. नव्याने गावात आलेली माणसं बाकावरचं नाव वाचायची, मग कोणी तरी हिला ‘वंदनाताई’ म्हणून हाक मारायचं, आणि ती माणसं दचकायची. हिला त्याची मजा वाटायची. म्हणायची, “घाबरू नका, अजून जळली नाही मी.”

रक्तदान शिबिराला मात्र तिची मजा गेली. निवेदक यवतमाळहून आणलेला. त्याने माइकवर जाहीर केलं, “आता स्वर्गीय वंदनाताईंच्या प्रतिमेला हार घालतील सौभाग्यवती वंदनाताई.” मांडवात हशा पिकला. निवेदक गोंधळला, कागद पाहिला, पुन्हा तेच वाचलं, पुन्हा हसले लोक. बंटीही हसला. ही स्टेजवर गेली, हार घातला, आणि पाहुणे खुर्च्यांवर बसल्यावर तिच्यासाठी खुर्ची उरली नाही म्हणून फोटोच्या टेबलाला धरून कार्यक्रम संपेपर्यंत उभी राहिली. आम्ही पुढच्या रांगेत होतो. मला उठून बंटीच्या थोबाडीत मारावीशी वाटली. कंडक्टर असताना मी याहून कमी कारणासाठी लोकांना उतरवून दिलं आहे.

सासू गेली ती अंथरुणात कुजून. शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती. हगणं-मुतणं सगळं हीच काढायची. एका दुपारी माझी बायको भेटायला गेली होती. म्हातारी सारखी विचारत होती, “वंदना कुठी गेली?”

“इथीसाच हाय,” ही म्हणाली.

“तू नाही. थे वंदना.”

हिने ओलं फडकं पिळलं, म्हातारीचं तोंड पुसलं आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाली, “थे वर तुमची वाट पाहून राह्यली. जा लवकर.”

म्हातारी तीन-चार दिवसांत गेली. माझ्या बायकोच्या अंगावर ते ऐकून काटा आला होता. माझ्या नाही आला.

आई गेल्यावरही मनोहरने हिला माहेरी जाऊ दिलं नाही. मग गेल्या साली तोही गेला. दुकानातच, मशीनशेजारी खुर्चीवर. तेरवीचं जेवण उरकल्यावर, मांडव उतरायच्या आत ही आमच्या दारात आली. कपाळ मोकळं, आणि चेहऱ्यावर दुःखापेक्षा घाई. माझ्या बायकोला म्हणाली, “वैनी, मले झरीकडे नेता का? माय जिती हाय अजून. आता मले अडवणारं कोनी नाही.”

बंटी मागून आला. “आई, आता तिथी कोन हाय तुह्यं? मामा तं बोलत बी नाही.”

“मामासाठी कोन चाललं?” ती म्हणाली. “मले माह्या नावानं हाक मारून घ्याची हाय.”

बंटीला काही कळलं नाही. त्याने मोबाईल काढला.

आम्ही तिघं पांढरकवड्याला बस बदलून गेलो. बायांना अर्धं तिकीट, मला म्हातारपणाचं. रस्ताभर ती माझ्या बायकोशी लहानपणाचं बोलत होती, सागाच्या जंगलात मोहं वेचायला जायची ते, आई शेताच्या धुऱ्यावरून कशी हाक मारायची ते. ‘द्वारके’ असं नाही, ‘द्वारकेऽऽ’ असं लांबवून, म्हणजे नाल्यापलीकडे ऐकू जाईल. तिने हाक मारून दाखवली तशी पुढच्या सीटवरची बाई वळून पाहायला लागली. इतकी वर्षं समोर राहून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

गाव लागलं. भावाचं घर आता पक्कं झालं होतं. अंगणात बाजेवर म्हातारी पडली होती, डोळे गेलेले, अंगाची मुटकुळी झालेली. आम्ही फाटकापर्यंत पोचलो तोच म्हातारीने हाक मारली, “द्वारकेऽऽ, पानी आन वं.”

हिची पिशवी हातातून पडली. “आली, माय,” म्हणत ती पळाली. पन्नाशीची बाई अंगणातून अक्षरशः पळाली. ती बाजेपाशी पोचायच्या आत घरातून एक पंजाबी ड्रेस घातलेली तरणी मुलगी पाण्याचा गिलास घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “घे आजी.”

मागोमाग भावजय आली. तिने ओळखलं, पदर सावरला, ओशाळून हसली. “ताई, हे माही लहानी. द्वारका. तुमचं नाव तिकडे बदललं नं, मंग तुमच्या आजीचं नाव घरातून जाऊन राह्यलं होतं. म्हून हिले ठेवलं.” सांगताना तिला यात काही गैर वाटत नव्हतं, आणि खरं तर गैर काही नव्हतंच.

मुलगी वाकून हिच्या पाया पडली. हिने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला, काढायचा विसरल्यासारखा. माझी बायको माझ्या मागे तोंडाला पदर लावून उभी होती.

“कोन आलं वं?” बाजेवरून म्हातारीने विचारलं.

“ताई आल्या,” भावजय तिच्या कानात मोठ्याने म्हणाली. “कळंबच्या.”

म्हातारीने दोन्ही हात पुढे केले. लेकीचा चेहरा सापडेपर्यंत ते हवेत चाचपडत राहिले. मग तिने दोन्ही गाल धरले, कानांवरून, केसांवरून बोटं फिरवली आणि तिचा चेहरा उजळला. लग्नाच्या संध्याकाळी व्याहिणीपुढे हात जोडून मान्य केलेलं नाव तिने इतकी वर्षं नीट जपून ठेवलं होतं. सासरी दिलेल्या लेकीला सासरच्या नावानेच हाक मारावी, एवढी रीत तिला कळत होती.

“वंदना आली का वं माही?” म्हातारी म्हणाली. “वंदना, किती वाळली माय तू.”

मी हिच्याकडे पाहिलं नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. फक्त आवाज ऐकला, आणि तो अगदी साधा होता.

“हो माय,” ती म्हणाली. “वंदनाच आली.”